तांबडी शाई

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय ग्रेस मार्कांवर बी. ए. झाले, ही गोष्ट मी दर वर्षी परीक्षेच्या आधी वर्गात सांगतो. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे निघाली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्याची पहिली बी. ए.ची परीक्षा झाली. तीत बंकिमचंद्र आणि जदुनाथ बोस असे दोघेच उत्तीर्ण ठरले; तेही सहांपैकी एका विषयात सातपर्यंत गुण कमी पडत असताना, विद्यापीठाने ते पदरचे घातले म्हणून. मुले हसतात, मागच्या बाकांवर जरा हायसे वाटते, आणि मी पुस्तक उघडतो. ही गोष्ट मी मुलांसाठी सांगतो असा माझा बरीच वर्षे समज होता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. १९८३ च्या उन्हाळ्यात ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला बसली. त्या काळी निकाल वर्तमानपत्रात येई. नावे नाहीत, नुसते बैठक क्रमांक, मुंग्यांची रांग असावी तसे. अण्णा एस. टी. स्टँडवर जाऊन पेपर घेऊन आले, तो त्यांनी ओसरीवर पसरला आणि चष्मा पुसून बोट फिरवू लागले. पहिला वर्ग कोणी धरलाच नव्हता. दुसरा वर्ग संपला. पास क्लास संपला. मग अण्णांनी पुन्हा वरपासून सुरुवात केली. आक्का स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही.

गुणपत्रिका आली तेव्हा कळले की अर्थशास्त्राच्या एका पेपरात २६ गुण आहेत. बाकी सगळीकडे चाळीस-पन्नासच्या घरात. ग्रेसचा जो काही हिशेब तेव्हा होता त्यात ती दोन गुणांनी बसत नाही, असे कॉलेजच्या हेडक्लार्कने अण्णांना सांगितले. अण्णांनी त्याच दिवशी गुणपडताळणीचा फॉर्म भरला. त्यांची समजूत अशी की आता कोणीतरी विद्वान माणूस तिची उत्तरे पुन्हा नीट वाचील. पडताळणी म्हणजे काय हे मला फार पुढे कळले. सगळी उत्तरे तपासली आहेत का, आतले आकडे मुखपृष्ठावर बरोबर आले आहेत का, बेरीज जुळते का, एवढेच कारकून पाहतो. उत्तर कोणी वाचीत नाही. स्वतःची उत्तरपत्रिका पाहायला मागणे ही तर गोष्टच निराळी. महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या एका खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की उत्तरपत्रिका पाहू न देण्याचा आणि पुन्हा न तपासण्याचा नियम योग्य आहे.

दरम्यान एक स्थळ आले. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी आक्काने अर्थशास्त्राच्या वह्या वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या. काका म्हणाले, “नापास मुलीला घरात ठेवून काय करायचं?” ज्येष्ठ संपायच्या आत लग्न लागले. पडताळणीचे उत्तर आले तेव्हा ती सासरी होती. छापील कार्ड होते, “गुणांत बदल नाही.” वह्यांचे गाठोडे माळ्यावर पुष्कळ वर्षे होते.

पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि पेपर तपासू लागलो. बाहेरच्या माणसाला वाटते की परीक्षक म्हणजे हातात तराजू घेतलेला कोणी न्यायाधीश असावा. प्रत्यक्षात तो असतो एका मोठ्या हॉलमध्ये, लांब टेबलाशी, शेजारच्याचे कोपर लागेल इतक्या अंतरावर. समोर गठ्ठा. बैठक क्रमांकावर कागदाची घडी चिकटवलेली, म्हणून वही कोणाची ते कळत नाही. आमच्या हातात तांबडी शाई, मॉडरेटरच्या हातात हिरवी. मानधन वहीमागे मिळते, त्यामुळे किती वेगाने वाचावे याचा हिशेब ज्याचा त्याने मनात केलेला असतो. सकाळी दहाला माणूस कडक असतो. चहानंतर जरा नरम येतो. साडेचारच्या सुमारास ‘संत साहित्याची वैशिष्ट्ये’ पन्नासाव्यांदा वाचताना डोळा नुसता ठळक शब्द शोधीत असतो. एखादी फारच सुंदर वही हाती आली, तर तिच्या मागून येणाऱ्या बिचाऱ्या साध्या वहीला उगीचच दोन गुण कमी पडतात. हे मी दुसऱ्यांचे नाही, माझे सांगतो आहे.

आणि ३३, ३४ हे आकडे? ते आम्ही सहसा लिहीतच नसू. जुन्या सहकाऱ्यांनी पहिल्याच वर्षी शिकवले होते, “एक तर पस्तीस दे, नाही तर तीसच्या आत ठेव. मध्ये लटकवलेस की वही परत येते.” मग आपण दोन गुण कुठे सापडतात का ते पाहतो, नाही तर दिलेले काढून घेतो. काढून घेणे जास्त सोपे असते. अर्ध्या गुणावर रेघ मारायला वेळ लागत नाही.

एका वर्षी आमच्या मॉडरेटर बाईंनी गंमत केली. गंमत म्हणायची खरी. एका वहीच्या सहा झेरॉक्स प्रती काढून त्यांनी आम्हां सहा जणांना दिल्या. आदर्श उत्तरसूची प्रत्येकापुढे होतीच. तासाभराने सहा आकडे फळ्यावर लिहिले गेले. सर्वांत कमी २९, सर्वांत जास्त ४४. तीच वही, तेच अक्षर, तोच मुलगा. तिघांनी त्याला पास केले होते, तिघांनी नापास. हॉलमध्ये थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग ४४ देणारे गृहस्थ म्हणाले, “त्याला विषय कळलाय हो, लिहिता येत नाही,” आणि २९ देणाऱ्या बाई म्हणाल्या, “मग परीक्षा कशाची आहे?” दोघांचेही मला पटले. बाईंनी हिरव्या शाईने ३६ लिहिले.

यात नवे काही नव्हते. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी १९१२ साली इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शेकडाभराहून अधिक शिक्षकांकडे धाडली होती. गुण आले ६४ पासून ९८ पर्यंत. भाषेत असे व्हायचेच, गणितात होणार नाही, असे लोक म्हणाले, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची धाडली. तिथे तर २८ पासून ९२ पर्यंत!

आता पुष्कळ बदलले आहे. वार्षिक परीक्षा जाऊन सत्रे आली, क्रेडिट आले, दहापैकी ग्रेड पॉइंट आले. वह्या संगणकाच्या पडद्यावरही तपासतात. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने तो प्रयोग एकदम केला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, हे सर्वांना आठवत असेल. पण पडद्याच्या अलीकडे बसलेला माणूस तोच, साडेचारही तेच. मोठा बदल मला एकच वाटतो. माहिती अधिकाराच्या कायद्याखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले.

पुढच्या वर्षी भाऊबिजेला आक्काकडे गेलो तेव्हा तिच्या धाकट्या मुलीने अशीच छायाप्रत मागवली होती. एका पेपरात कमी पडले होते. पाने जमिनीवर पसरून मी पाहत होतो. आक्का ओले हात पदराला पुसून शेजारी येऊन बसली आणि एकेक पान उलटू लागली. छायाप्रतीत तांबडी शाईही काळीच दिसते. मुलीचे कुठले आणि परीक्षकाचे कुठले हे तिला पटकन कळेना.

“इथं अडीच दिलेत,” ती म्हणाली. “का, ते कुठं लिहिलंय?”

“तसं लिहीत नाहीत, आक्का.”

ती पुढची पाने पाहत राहिली. मला गप्प बसवेना, म्हणून मी तिला त्या सहा प्रतींची हकीकत सांगितली. २९ आणि ४४ ऐकून ती हसली नाही.

“तू किती दिले होतेस?”

“तीस.”

तिने पाने गोळा केली, कडा जुळवून मुलीच्या हातात दिली.

“आणि शेवटी त्याला किती मिळाले?”

“छत्तीस.”

“बरं झालं,” असे म्हणून ती चहा टाकायला उठली.