तुरुंगाबाहेरची एलिझाबेथ

१६६० साली दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला आणि सरकारी चर्चच्या चौकटीबाहेर उपदेश करणाऱ्यांचे दिवस फिरले. दोन वर्षांत सुमारे दोन हजार पाद्री आपल्या जागांना मुकले. या व अशा मंडळींना 'डिसेंटर' म्हणतात. त्यांच्यात ऑक्सफर्ड-केंब्रिजचे पदवीधर पुष्कळ होते. जॉन बन्यन मात्र तसा नव्हता. बाप फुटक्या भांड्यांना डाख लावणारा, आणि हाही तेच करी. आपल्याकडचा कल्हईवाला डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे झाले.

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात सरांनी बन्यनला जेमतेम दहा मिनिटे दिली. (अभ्यासक्रमच तेवढा, सरांचा काय दोष!) पण कॉलेजचे तोंड न पाहिलेला माणूस त्या इतिहासात कसा शिरला, याचे मला कुतूहल वाटले. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच. म्हणून ग्रंथालयातून त्याचे चरित्र काढले.

नोव्हेंबर १६६० मध्ये बन्यनला उपदेश करतानाच पकडले. पुन्हा उपदेश करणार नाही एवढे कबूल केले असते तर सुटका होती. त्याने कबूल केले नाही. बेडफर्डच्या तुरुंगात तो बारा वर्षे राहिला. तिथे लेसा तयार करून त्याने घराला हातभार लावला आणि पुस्तके लिहिली. १६७२ साली सुटून तो तिथल्याच मंडळीचा पाळक झाला. १६७८ मध्ये 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' निघाले. हरी केशवजींनी १८४१ सालीच 'यात्रिक्रमण' या नावाने ते मराठीत आणले होते.

चरित्रकार या निग्रहाचे कौतुक करतात. ते रास्तच आहे. पण मी अडकलो ते त्याच्या बायकोपाशी.

एलिझाबेथ ही त्याची दुसरी बायको. पहिलीची चार मुले तिच्या पदरात, त्यांतली थोरली मेरी आंधळी. नवऱ्याला पकडल्याच्या धक्क्याने ती अवेळी बाळंत झाली आणि मूल गेले. तरी ही बाई अर्ज घेऊन लंडनपर्यंत गेली. १६६१ च्या ऑगस्टमध्ये बेडफर्डला न्यायाधीश आले, तेव्हा भरल्या सभेत त्यांच्यापुढे उभी राहिली. एक न्यायाधीश तिच्यावर खेकसला. दुसरा, मॅथ्यू हेल, हळहळला, पण त्याच्याही हातून काही झाले नाही. नवऱ्याचा धंदा विचारताच लोकांनी परस्पर सांगितले, भांडी सांधणारा. त्यावर ती म्हणाली, तो भांडी सांधणारा आणि गरीब आहे म्हणूनच त्याला कुणी मोजत नाही, त्याला न्याय मिळत नाही. शाळा-कॉलेजाचा प्रश्नच नसलेल्या त्या बाईचे हे उत्तर मला त्या चरित्रातल्या सगळ्या प्रवचनांहून मोठे वाटते.

बन्यनला घरच्यांची फिकीर नव्हती असे मुळीच नाही. आंधळ्या लेकीच्या विचाराने जीव तुटतो, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तरी निर्णय त्याचा आणि बारा वर्षे चूल पेटती ठेवायची तिने! सद्सद्विवेकाची किंमत एकाने ठरवावी आणि दुसऱ्याने मोजावी, हे कितपत न्यायाचे? मित्रांशी यावर पुष्कळ वाद घातला. त्यांच्या मते, असा हिशोब मांडत बसले तर जगात कुणीच ताठ उभा राहणार नाही. त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही आणि पटतही नाही.

पटत नाही याला कारण आहे. माझी ताई सातवीनंतर शाळेतून निघाली. अभ्यासात ती माझ्यापेक्षा हुशार होती. दोघांना शिकवणे घराला झेपणारे नव्हते. आज ती आईबरोबर बिड्या वळते आणि माझी फी, एस.टी.चा पास त्यातूनच निघतो. मी शिकावे हे ठरले तेव्हा तिला कुणी विचारले नव्हते.

एका रात्री ती टेंभुर्णीची पाने कापत असताना मी तिला ही सगळी हकीकत सांगितली. बन्यनच्या धैर्यावर ती काही बोलली नाही. तिने विचारले, "आणि त्या लेसा बाजारात कोण नेऊन विकायचं?"

मग मी तिला पुस्तकाविषयी सांगितले. पहिल्या भागात नायक बायकोमुलांना मागे टाकून, त्यांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटे घालून पळत सुटतो. १६८४ साली बन्यनने दुसरा भाग लिहिला आणि त्यात तीच बायको मुलांना घेऊन त्याच वाटेने निघते.

ताईचा हिशोब पहिल्यापासून पक्का. पानांवरची कात्री न थांबवता ती म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं लागली त्याला."