कार्ड धडधाकट, ड्रायव्हर अडला

वाळूज एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातलं लीक टेस्टिंगचं मशीन मी सांभाळतो. आत साधा पीसी, उबुंटू 22.04 आणि दाबाचं रीडिंग घेणारं पीसीआय कार्ड. मशीनला नेट नव्हतं तोवर कसलीच कटकट नव्हती. 2024 च्या गणपतीत रिपोर्ट थेट ऑफिसात जावेत म्हणून नेट जोडलं आणि अपडेटनं कर्नल 5.15 वरून थेट 6.8 वर नेलं. सकाळी ऑपरेटरचा फोन, "सर, मशीन चालू व्हईना. कार्डच दिसंना म्हणतंय."

माल अडवून चालत नाही. ग्रबच्या मेनूतून जुनं 5.15 निवडायला लावलं, लाइन सुरू झाली. मग कार्डाच्या ड्रायव्हरचा सोर्स घेऊन सिडकोतल्या घरी बसलो. कार्ड विकणाऱ्यानं फोन उचलणं कधीच सोडलं होतं.

नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बिल्ड करणाऱ्या डीकेएमएसचा मेक लॉग भलताच लांब होता, पण त्यातल्या बऱ्याच ओळी ही पहिल्या एररची पिल्लं असतात. पहिली सोडवायची, पुन्हा बिल्ड करायचं. 'पीसीआय_सेट_डीएमए_मास्क' 5.18 मध्येच गेलं होतं. 'क्लास_क्रिएट'ला 6.4 पासून एकच आर्ग्युमेंट लागतं. ही दोन्ही कामं किरकोळ.

'व्हीएम_फ्लॅग्ज'वर मात्र थांबावं लागलं. 6.3 पासून तिथं थेट लिहिता येत नाही, 'व्हीएम_फ्लॅग्ज_सेट' वापरावं लागतं, कारण ते फंक्शन लॉक सांभाळतं. कास्ट करून कंपायलरचं तोंड बंद करता येतं. तसं करणाऱ्याच्या हाती मी मशीन देणार नाही. शेवटी मजकूर कॉपी करणारं 'एसटीआरएलसीपीवाय', 6.8 मध्ये हद्दपार. त्याजागी 'एसटीआरएससीपीवाय' घातलं की बिल्ड होतं, पण मजकूर मावला नाही तर हे ऋण आकडा देतं. आमच्या ड्रायव्हरमधली तपासणी तो आकडा साध्या इंटमध्ये घेऊन 'बफरएवढा किंवा मोठा आहे का' एवढंच विचारत होती. ऋण आकडा तिथून बिनबोभाट सुटला असता. बिल्ड झालं म्हणजे काम झालं, असं मी म्हणत नाही ते यासाठीच.

लोक लिनक्सवाल्यांना शिव्या घालतात. पण कर्नलच्या आतला इंटरफेस स्थिर ठेवणार नाही, हे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्याच कागदपत्रांत कधीचं लिहून ठेवलंय. मुख्य कर्नलमध्ये असलेले ड्रायव्हर, बदल करणाराच दुरुस्त करतो. बाहेरच्याचा वाली कोणी नाही.

तेव्हा कारखानदारांनो, कार्ड घेताना ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहे का, ते आधी विचारा. नसेल तर सोर्स आणि तो बदलण्याची परवानगी पीओमध्येच लिहून घ्या, आणि मशीनला नेट जोडण्याआधी कर्नलचं अपडेट होल्डवर टाका.