गरम हवेला वाट द्या!

"एसी म्हणजे काय?" व्हायवाच्या टेबलावर हा प्रश्न पडला, की दहापैकी आठ जणांचं उत्तर ठरलेलं : "सर, गार हवा तयार करणारं यंत्र." मग एक्स्टर्नल चष्म्यावरून बघतात, इंटर्नल खिडकीबाहेर बघतात आणि आपण जर्नलकडे बघतो!

खरं म्हणजे गारवा कुणीच तयार करत नाही. एसी हा हमाल आहे. आतली उष्णता पाठीवर घ्यायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. पण हमालाला दारातच अडवलं तर तो बिचारा काय करणार? पुस्तकात ही गोष्ट पी-एच डायग्रॅमवर छान दिसते. मला ती पटली मात्र केळशीत, काकांच्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर.

केळशी म्हणजे आमचं गाव. तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. भारजा नदी समुद्राला मिळते तिथे वसलेलं. नारळी-पोफळीच्या वाड्या, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. समोरून दुसरी गाडी आली की एकाने मागे जायचं, हा इथला ट्रॅफिक सिग्नल. चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव, पाठोपाठ मे महिन्याची सुट्टी. चाकरमानी आणि पर्यटक यांनी गाव भरून जातं.

याच दोन महिन्यांवर काकांचं वर्ष चालतं. त्यांची पेट्रोलवरची जुनी छोटी गाडी आहे. खेड स्टेशनवरून पाहुणे घ्यायचे, दापोलीमार्गे केळशीला आणायचे, परत सोडायचे. गाडीवर पतपेढीचं कर्ज. सीझन नीट गेला तर हप्ते निघतात, नाहीतर ऑगस्टमध्ये घरातलं काहीतरी मोडावं लागतं.

आणि नेमका त्या सीझनला एसी रुसला. दापोलीपर्यंत बरा चालायचा, पण केळशीच्या गल्लीत गाडी पहिल्या गिअरवर आली की आतून कोमट वारा. वर टेंपरेचरचा काटा चढायला लागायचा. "एसीचे पैसे घेता, मग एसी कुठाय?" असं एका पाहुण्याने तोंडावर विचारलं. दोन कुटुंबांनी परतीला दुसरी गाडी केली. गॅरेजवाल्याने दोनदा गॅस भरून दिला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला." खर्चाचा आकडा तीन हप्त्यांएवढा!

काका मला म्हणाले, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग बघ जरा." (मेकॅनिकलच्या पोराला मिक्सरपासून विहिरीच्या पंपापर्यंत सगळं यायलाच हवं, अशी गावाची समजूत असते.)

मी आधी कागदावर विचार केला. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, ती न शोधता भरत राहणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. आणि जास्त भरला तर दाब वाढून उलट गारवा कमी होतो. कॉम्प्रेसर थकला तरी गाडी उभी असताना गारवा कमी मिळतो, हे खरं. म्हणून त्याला लगेच निर्दोष सोडता येईना. पण मग इंजिनचा काटा का चढतो? दोन्ही तक्रारी एकदम, आणि त्याही फक्त गाडी हळू असताना. म्हणजे संशयित एकच : वारा.

गाडीत कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. पाहुण्यांच्या अंगची उष्णता, अधिक कॉम्प्रेसरचं काम, हे सगळं त्याने हवेत सोडायचं. तीच तापलेली हवा पुढे रेडिएटरमधून जाणार. पेट्रोल इंजिन इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण पाव भागाचंच काम करतं. उरलेली बहुतेक सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे जाते. एवढी मोठी भट्टी मागे आणि कंडेन्सर तिच्या तोंडाशी! आर-१३४ए हा गॅस ५० अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो तेव्हा दाब साधारण १३ बार असतो. ६५ अंशांवर तो जवळपास १९ बार होतो. म्हणजे वारा कमी पडला की कॉम्प्रेसर जास्त राबतो आणि काम कमी होतं. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीला पंख्याचाच आधार.

म्हणून साधी परीक्षा घेतली. गाडी अंगणात उभी, इंजिन चालू, एसी चालू. वहीचं पान फाडून जाळीसमोर धरलं. पंखा नीट असेल तर पान जाळीला चिकटायला हवं. रेडिएटरच्या पंख्यासमोर ते चिकटलं. कंडेन्सरच्या पंख्यासमोर धरलं तर पान फडफडत माझ्या अंगावर आलं, आणि त्याबरोबर गरम वाफाही! पंखा उलटा फिरत होता. शेजारचा हवा आत ओढतोय, हा बाहेर फेकतोय, आणि तीच गरम हवा गोल गोल फिरतेय.

कारण फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमधलं निघालं. खाऱ्या हवेने पंख्याचा प्लग गंजला, म्हणून गेल्या पावसाळ्यात कुणीतरी तो कापून वायरी थेट जोडल्या होत्या. डीसी मोटर, दोन वायरींची अदलाबदल झाली की फिरण्याची दिशा उलटी. इंजिन बंद करून, बॅटरीची वायर काढून त्या बदलल्या. खर्च : चिकटपट्टी.

मग हात धुऊन मागेच लागलो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत लाल माती, पालापाचोळा आणि किडे यांचा थर होता. इंजिनच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारून काढला. जोरात मारलं तर पातळ पत्रे वाकतात. कंडेन्सरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या, म्हणजे इंजिनकडची हवा पुढे परत येऊ नये. गडग्याच्या दगडाला लागून फुटलेलं बंपरखालचं प्लॅस्टिक नवं बसवलं. ते शोभेचं नसतं, हवेला कंडेन्सरकडे वळवतं. हीटरची केबल पूर्ण बंद होत नव्हती, म्हणजे एसीच्या शेजारी गरम पाण्याची शेगडी पेटलेलीच! तीही नीट केली.

वाडीतल्या एकाने सल्ला दिला, "बॉनेटच्या मागच्या बाजूला वॉशर घालून उचला, गरम हवा वर जाईल." ऐकायला पटतं, आमच्या कौलारू घरातही गरम हवा वरूनच जाते. पण धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत येऊ शकते. शिवाय केबिनची हवा तिथूनच आत घेतात. इंजिनचा वास आणि धूर पाहुण्यांना कशाला?

दमट हवेचं गणित वेगळंच आहे. एसीखाली जे पाणी ठिबकतं ते हवेतल्या वाफेचं. एक लिटर वाफेचं पाणी करायला सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तासाला लिटरभर ठिबकलं तर जवळपास ७०० वॅट नुसते हवा वाळवण्यात गेले! म्हणून काकांना सांगितलं, उन्हातली गाडी आधी काचा उघडून चालवायची, कोंडलेली गरम हवा जाऊ द्यायची. मग काचा लावून रिसर्क्युलेशन चालू करायचं, म्हणजे एकदा वाळवलेलीच हवा परत गार होते.

झरोक्यात थर्मामीटर धरला. गाडी उभी असताना आधी २१ अंश दाखवत होता, आता १२. काटा निम्म्यावर स्थिर. काका काही बोलले नाहीत. फक्त गॅरेजवाल्याला फोन करून "कॉम्प्रेसर मागवू नको" म्हणाले, आणि संध्याकाळी खेडची ट्रिप घेतली.

बॉनेटखालच्या उष्णतेशी आपल्याकडचं भांडण जुनंच आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात घाट चढताना पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची, व्हेपर लॉक होऊन गाडी बसायची. मग ड्रायव्हर उतरून पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, हे त्याला थर्मोडायनॅमिक्स न शिकता ठाऊक होतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आहे गाडी? मान्य. पण हॉस्टेलच्या पॅसेजमधला वॉटर कूलर बघा. पाणी कोमट येतं म्हणून दर मेमध्ये अर्ज जातो, "गॅस भरा." कूलरची पाठ भिंतीला टेकलेली, मागच्या जाळीवर तीन बॅचेसची धूळ, वर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. रेक्टर सरांना विनंती : अर्जावर सही करण्याआधी कूलर फूटभर पुढे ओढू द्या आणि जाळी झाडू द्या. ओढायला आम्ही येतो. टॉवेल मात्र ज्याचा असेल त्याने आधी उचलावा!

— बी. ई. (मेकॅनिकल)