जोत्याची तपासणी

आज महानगरपालिकेचे अभियंते जोते तपासून गेले. जुन्या मोहल्ल्यातील वडिलोपार्जित घर उतरवून नवे बांधू पाहणाऱ्यास परभणीत मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा, वारसांची संमती आणि कराच्या पावत्या असा दस्तऐवजांचा गठ्ठा दाखल करावा लागतो, आणि तो मला जाचक वाटत नाही, कारण शेजाऱ्याच्या भिंतीचा हक्कही त्याच कागदांत सुरक्षित असतो. जाचक वाटते ते अर्ज दिल्यानंतरचे मौन. आराखडा नियमांस धरून असेल आणि 60 दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर परवानगी मिळाली असे मानावे, ही तरतूद 1966 च्या नगररचना अधिनियमातच आहे. 2020 च्या एकत्रित नियमावलीने लहान भूखंडांची वाट आणखी सुकर केली. परंतु हे ठाऊक नसलेला गरीब मनुष्य मिस्त्रीच्या भरवशावर काम उरकतो आणि त्याचे घर उभे राहूनही कागदोपत्री बेकायदा ठरते, याचे मला मनस्वी दुःख होते.

आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पाया मुरमापर्यंत पोहोचला नाही, तर भिंत तिरकी तडकलीच म्हणून समजावे. म्हणूनच, भरणीपूर्वी देखरेखीच्या अभियंत्यांनी खड्ड्यात उतरून पहार आपटली आणि टणक आवाज आल्यावरच मान हलवली, तेव्हा मला केवढा दिलासा वाटला! आज फीत धरून सामासिक अंतरे मोजली गेली; ती मंजूर नकाशाबरहुकूम भरली. उद्या विटा येतील.