भिशीचे तीस हजार आणि मुलीचा लॅपटॉप

थोरली मुलगी बारावीनंतर बीएस्सी आयटीला गेली आणि आमच्या घरात लॅपटॉपचा विषय निघाला. विनाअनुदानित शाळेतली नोकरी, मुंब्र्यातले दोन खोल्यांचे घर आणि धाकट्याचे दहावीचे वर्ष. हातात होते ते भिशीचे तीस हजार रुपये. त्यातूनच धाकट्याच्या क्लासची फीही द्यायची होती. नातेवाइकांतून सल्ला आला, ‘‘मुलीच्या जातीला एवढा खर्च कशाला? मोबाईलवर भागेल की!’’ मोबाईलवर लेक्चर ऐकता येते, पण प्रोग्रॅम लिहायला आणि प्रोजेक्ट करायला तो पुरत नाही. शिकायला पाठवायचे आणि शिकण्याचे साधन द्यायचे नाही, हे आम्हाला पटेना.

ठाणे स्टेशनजवळ एका दुकानात नवा लॅपटॉप पाहिला. किंमत छत्तीस हजार. दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, बिनव्याजी हप्ता आहे, महिना तीन हजार फक्त.’’ आम्ही विचारले, ‘‘आणि रोख दिले तर?’’ किंमत लगेच दोन हजारांनी उतरली. मग ते दोन हजार कशाचे? अशा योजनेत बहुतेक वेळा बँक व्याज घेतेच. तेवढी सूट आधी दिलेली दाखवतात किंवा रक्कम किमतीतच बसवतात. क्रेडिट कार्ड असेल तर व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये स्पष्ट केले होते. सूद टाळू पाहणाऱ्या घरांनी ‘रोख किती?’ हा एक प्रश्न जरूर विचारावा.

मग आम्ही रिफर्बिश्ड, म्हणजे कंपन्यांनी वापरून बदललेल्या आणि दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपकडे वळलो. मुंबईत लॅमिंग्टन रोड यासाठी प्रसिद्ध आहे, पण काही बिघडले तर जवळ जाता यावे म्हणून कल्याणला चौकशी केली. जाण्याआधी मुलीने कागदावर चार गोष्टी लिहून घेतल्या.

पहिली, प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ‘आय५-८२५०यू’ असे लिहिले असेल तर आठवी पिढी, ‘आय५-१०२१०यू’ असेल तर दहावी. दुकानातले ‘आय५ आहे, आय५’ एवढे पुरेसे नाही. सहाव्या पिढीचाही आय५ असतो.

दुसरी, रॅम ८ जीबी आणि ती पुढे वाढवता यावी. तिसरी, जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी, निदान २५६ जीबी. संथ लॅपटॉप वेगवान वाटतो तो बहुधा एसएसडीमुळे. चौथी, वजन. मुलगी सकाळच्या लोकलमध्ये बॅग छातीशी धरून उभी राहते. म्हणून पंधरा इंचांचा मोह सोडून चौदा इंचांचा, दीड किलोच्या आसपासचा घ्यायचे ठरले.

दुकानात आम्ही तासभर बसलो. प्रत्येक की दाबून पाहिली, कॅमेरा, स्पीकर, वायफाय तपासले, झाकणाचे बिजागर हलवून पाहिले. बॅटरीचा रिपोर्ट काढायला सांगितला. मूळ क्षमता किती आणि आता किती उरली, हे त्यात कळते. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही, याचीही खात्री केली. आणि पक्के बिल घेतले, त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि वॉरंटी लिहून. माल चोरीचा नाही याचा पुरावा तोच. मालातला दोष लपवू नये ही आपली शिकवण. त्या दुकानदाराने झाकणावरचा ओरखडा स्वतःहून दाखवला, तेव्हाच आमचा विश्वास बसला.

दहाव्या पिढीचा लॅपटॉप बावीस हजार पाचशेला मिळाला, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह. साडेसात हजार धाकट्याच्या क्लाससाठी राहिले. लिहिण्याच्या कामासाठी लिबरऑफिस मोफत घेतले. चोरीचे सॉफ्टवेअर घालून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हटले. विंडोजमध्ये मराठी आणि उर्दूचे कीबोर्ड जोडता येतात, ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा नस्तालिक फॉन्टही मिळतो. आता शाळेच्या उर्दूच्या प्रश्नपत्रिका आम्ही घरीच टाइप करतो.

संध्याकाळी सात ते नऊ लॅपटॉप मुलीचा, नऊनंतर तासभर धाकट्याचा, रविवारी आमचा. मध्यंतरी सल्ला देणारे तेच नातेवाईक आपल्या मुलीसाठी विचारायला आले. आमच्या लेकीनेच त्यांना पिढीचा आकडा कसा वाचायचा ते समजावले. ते म्हणाले, ‘‘बेटी, घ्यायला जाऊ तेव्हा तूही चल.’’