पंखा बंद, दिवे बंद, एक खिडकी उघडी

दुपारची वेळ. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये एक साळुंकी शिरली आहे. घरातली तीन माणसं टॉवेल, केरसुणी आणि उशीचा अभ्रा घेऊन तिच्यामागे धावताहेत. खिडकी सताड उघडी आहे, पण साळुंकी छताच्या कडेकडेने घिरट्या घालते, पडद्याच्या दांडीवर टेकते, चोच वासून धापा टाकते आणि पुन्हा बंद काचेवरच जाऊन आदळते. अशा घरातून फोन आला की पक्षी सोडवणारा माणूस आधी एकच प्रश्न विचारतो : पंखा बंद केलाय का?

कारण घाबरलेला पक्षी वर जातो. उघड्यावर वर आभाळ असतं, घरात पाती असतात. बटण बंद केल्यावरही पंखा थांबायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी करायचं.

खिडकी समोर असून पक्ष्याला ती सापडत नाही, याचं कारणही तेच. तो छतालगत उडतो आणि खिडकीची चौकट छताच्या बरीच खाली संपते. थकून खाली आला तरी उजेड त्याला चारही बाजूंनी बोलावत असतो, आणि काच म्हणजे अडथळा हे त्याला कळत नाही. जुन्या वाड्यांतल्या लाकडी खिडक्या उघडल्या की पूर्ण उघडायच्या. आजच्या सरकत्या खिडकीत अर्धा भाग कायम काचेचाच राहतो. पक्षी नेमका तिथे धडकतो.

म्हणून त्याला हाकलायचं नाही, खोली अंधारी करायची. दिवे बंद. आतल्या खोल्यांची दारं बंद. उघडत नसलेल्या काचांवर पडदा, चादर, नाहीतर वर्तमानपत्र. एकच खिडकी किंवा बाल्कनीचं दार पूर्ण उघडं. मग माणसांनी आणि मांजरांनी खोलीबाहेर जायचं. सगळ्यांत अवघड गोष्ट हीच, कारण लोकांना राहवत नाही, दर मिनिटाला कोणीतरी डोकावून बघतं. अर्धा तास तरी धीर धरावा. बहुतेकदा पक्षी कधी गेला हे कोणाला कळतही नाही.

रात्री चिमणी किंवा बुलबुल आत अडकला, तर त्याला तेव्हाच बाहेर काढायचा हट्ट नको. अंधारात त्याला नीट दिसत नाही. खोलीत दिवा न लावता त्याला बसू द्यावं आणि पहाटे खिडकी उघडावी. गोदामं आणि मोठी सभागृहं यांतही हाच उपाय चालतो. छपराच्या पारदर्शक पत्र्यांमुळे दिवसा पक्षी खाली उतरतच नाही. पहाटे आतले दिवे बंद ठेवून एक शटर उघडलं की तो त्या उजेडाकडे येतो.

मेअखेरीस आणि जूनमध्ये वेगळेच पाहुणे येतात. नवरंग रात्री प्रवास करतो, आणि शहरातल्या दिव्यांनी गोंधळून तो इमारतीवर आदळतो किंवा व्हरांड्यात येऊन पडतो. कोकणात पावसाबरोबर येणारा चिमुकला तिबोटी खंड्याही असाच काचांवर आपटतो. अमेरिकेत डॅनियल क्लेम यांनी 1970च्या दशकापासून या धडकांचा अभ्यास केला. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, तिथे इमारतींवर आदळून दरवर्षी 36 कोटींपासून जवळजवळ 99 कोटींपर्यंत पक्षी मरतात. काचेवर ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून भागत नाही. बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या हव्यात, आणि त्याही एकमेकींपासून 5 सेंटिमीटरहून लांब नकोत.

जमिनीवर पडलेली पाकोळी ही निराळी अडचण. तिचे पाय इतके आखूड की सपाट फरशीवरून तिला उडणं फार जड जातं. धडधाकट पाकोळीलाही लोक जखमी समजतात. तिला उघड्या तळहातावर ठेवून खिडकीबाहेर उंच धरावं. फेकू नये. ती पंख फडफडवून स्वतःच झेप घेते.

धडकून बेशुद्ध झालेला पक्षी उचलताना एक गोष्ट विसरू नये. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचा पिंजरा हलवूनच तो श्वास घेतो. प्रेमाने का होईना, छाती मुठीत आवळली तर तो गुदमरतो. पातळ कापड टाकून हलक्या हाताने उचलावं आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावं. चोचीत पाणी मुळीच घालू नये. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट तिकडे जातं. तास-दोन तासांनी खोकं बाहेर नेऊन उघडलं की बरेच पक्षी उडून जातात. पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल, तर मात्र पशुवैद्य हवा.

दिवाळीत आम्हा पक्षी सोडवणाऱ्यांचं काम वाढतं. आठवडाभर पुसून काचा लख्ख केलेल्या असतात, घरं उजळलेली असतात, आणि फटाक्यांनी झाडावरून उठलेला पक्षी उजेड दिसेल तिथे शिरतो. नेमक्या याच दिवसांत हिवाळी स्थलांतरित पक्षीही येत असतात. यंदा असा कोणी तुमच्या घरात आला, तर आधी पंखा बंद करा आणि खोलीबाहेर या. पक्षी जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.