गोल्फ ह्यांचा, सुट्टी सगळ्यांची

बंगळूरच्या १८७६ सालच्या गोल्फ क्लबवरून जाताना ह्यांची मान हमखास वळते. यंदा फर्मानच निघालं, "सुट्टीत मॉरिशस! इल ओ सेर्फ बेटावर बर्नहार्ड लांगरने आखलेलं १८ होलचं मैदान आहे."

"आणि आम्ही काय, चेंडू शोधायचे?" मी विचारलं.

जानेवारी ते मार्च तिथे वादळांचे दिवस. म्हणून मुलांची दसऱ्याची सुट्टी ठरली. सासूबाई गप्पच होत्या. साताऱ्याहून आल्यापासून त्यांना शेजारी मराठी बोलायला कुणी नाही.

"तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी कुटुंबं आहेत, गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला. "मग गोल्फ एकच दिवस हं!"

हे निमूटपणे हो म्हणाले.